मी विकत घेतलेली खानझोडेकाकांची गाडी

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या लोधीपुऱ्यात सकाळी कुणाची डिझेल गाडी चालू झाली नाही, तर तो माणूस आधी देवाचं नाव घेतो, मग बॅटरीवाल्याचं, आणि दोघांचाही उपयोग झाला नाही की खानझोडेकाकांच्या दाराशी जातो. काका बाहेर येतात. हातात पाना नाही, पकड नाही, काही नाही. रिकामा तळहात पुढे करून एकच शब्द बोलतात, "किल्ली."

किल्ली शर्टाच्या खिशात टाकून ते खिशाचं बटण लावतात. त्यानंतर गाडीकडे बघतसुद्धा नाहीत. गाडीच्या मालकाकडे बघतात आणि चौकशी सुरू करतात. काल शेवटची बंद कधी केली? उतारावर का सपाटीवर? टाकीत किती होतं? बंद करताना हिसका दिला का? मागच्या सीटवर कोण बसलं होतं?

"मागच्या सीटवर कोण बसलं होतं याचा इथं काय संबंध?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुमचे साडू होते का?"

"होते."

"मग आहे संबंध. ते बसले की बॉडी दबते. बॉडी दबली की डिझेलची नळी घासते."

माझे साडू सव्वा क्विंटलचे आहेत हे खरं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून, चार लोकांसमोर, माझ्याच अंगणात ऐकून घ्यायचं म्हणजे जड जातं.

काकांसमोर "गाडी चालू होत नाही" असं बोलायची सोय नाही. ते लगेच हात वर करतात. "होत नाही म्हणू नका. गाडी कधी नाही म्हणत नसते. ती कारण सांगून राहिली आहे, आपल्याला ऐकू येत नाही." हे वाक्य मी दोन वर्षं रोज सकाळी ऐकलं. माझ्याच फाटकाच्या आत, माझ्याच गाडीशेजारी उभा राहून. आणि किल्ली त्यांच्या खिशात.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला कळणार नाही. मी केळीचा व्यापारी. सुरुवात केली ती डोक्यावर घड वाहून. तापीकाठच्या बागांमधून ट्रकपर्यंत घड आणायचे, मान अवघडली तरी बोलायचं नाही. आज माझ्या नावानं माल दिल्लीपर्यंत जातो. मंडीत मला सगळे शेठ म्हणतात, जे मला मनातून शिव्या घालतात तेसुद्धा. खानझोडेकाका मला म्हणतात "महाजन". नुसतं महाजन. कागदाच्या मिलमध्ये ते फोरमन होते, तिथं हाताखालच्या माणसाला हाक मारायचे त्याच आवाजात. मूळचे अकोल्याकडचे. नोकरीसाठी इकडे आले, घर बुऱ्हाणपुरात केलं, रोज स्वतःच्या गाडीनं मिलला जायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण बोलणं अजून फोरमनचं.

आता सौद्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांत काहीतरी निघालं आणि डॉक्टरनं त्यांना गाडी चालवायची बंदी केली. काकांनी गाडी विकायला काढली. मेंदी रंगाची, सात माणसांची, पत्रा जाड, रस्ता कसाही असला तरी जाणारी. बागांच्या कच्च्या रस्त्यांसाठी मला अशीच हवी होती. खंडव्याचा एक दलाल येऊन गेला होता, भुसावळचा एक. मी तिसरा.

घासाघीस हा माझा धंदा आहे, तेव्हा तयारीनं गेलो. आधी टायरला लाथ मारली. मग बराच वेळ गप्प बसलो. मग बोनेटवर हात ठेवून पाहिलं. जुन्या डिझेल गाडीची हीच खरी परीक्षा. विकणारा माणूस पहाटे गाडी तापवून ठेवतो आणि तुमच्यासमोर ती एका झटक्यात चालू करून दाखवतो. बोनेट थंडगार होतं. काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली. मी चेहरा पाडून गंजाबद्दल बोललो, सीट फाटल्याबद्दल बोललो, एक आकडा सांगितला आणि उठून दाराकडे निघालो. माझं हे उठणं मंडीत प्रसिद्ध आहे. माझ्या उठण्यानं भलेभले वाकले आहेत.

चपलेपर्यंतही पोचलो नव्हतो. काका म्हणाले, "घेऊन जा."

समोरचा पहिल्याच आकड्याला हो म्हणाला तर शहाण्या व्यापाऱ्यानं घाबरावं. मी फुगलो. आठ दिवस मंडीत चहाच्या टपरीवर सांगत होतो की दोन दलाल हात हलवत परत गेले आणि मी एका फोरमनला एका वाक्यात वाकवला.

गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी तीत बसलो आणि किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच, जरा हळू. तिसऱ्यांदा फिरवणार, तेवढ्यात फाटकाबाहेरून आवाज आला, "थांबा! हात काढा!"

काका उभे होते. मिलचा जुना निळा स्वेटर, चष्म्याला मागून बांधलेली दोरी. तळहात पुढे. "किल्ली."

मला वाटलं योगायोग. तिसऱ्या दिवशीही सहाला हजर. चौथ्या दिवशी मी फाटक उघडायला उशीर केला, तर ते बाहेरूनच विचारत होते, "रात्री कुठं लावली होती? तोंड उताराकडे का चढाकडे?"

त्यांची एक पद्धत आहे आणि ती ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. पहिली बॅटरी. गरम पाण्याचा तांब्या मागवायचा आणि टोकांवरची पांढरी बुरशी धुवायची. बुरशी नसली तरी धुवायची. दुसरी अर्थची तार, जी बॅटरीपासून पत्र्याला जोडलेली असते. ती ओढून बघायची. तिसरा हीटर. डिझेल इंजिनाला थंडीत आधी आतून शेकावं लागतं, तो शेक बरोबर बसतो का ते बघायचं. चौथं डिझेल. पाचवी हवा. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी इंजिन बसून राहतं. एवढं सगळं झालं की मग सेल्फ मारायचा, आणि तोही मोजून.

"एक, दोन, तीन..." काका मोठ्यानं मोजतात. दहाच्या पुढे जायचं नाही. "अकरावा आकडा म्हणजे बॅटरीचा खून." आमच्या गल्लीतल्या पोरांना शाळेच्या आधी काकांमुळे दहापर्यंत आकडे आले. अकरावा अजून कच्चा आहे.

या पद्धतीनं माझं जे नुकसान केलं, ते सांगतो. माझ्या पुतण्याचा साखरपुडा खकनारला होता. आम्ही सात जण नटूनथटून गाडीत बसलो. गाडी चालू होईना. काका आले. आदल्या दिवशी साडूंनी गाडी नेली होती आणि रिकामी करून आणली होती. काटा सरळ शून्यावर टेकलेला.

"काका, डिझेल संपलंय. काटा बघा."

"काट्यावर जाऊ नका महाजन. काटा ही तक्रार आहे, पुरावा नाही."

आणि त्यांनी गरम पाण्याचा तांब्या मागवला. मी ओरडलो. माझी बायको मंगला म्हणाली, लोकांसमोर ओरडू नका. मी लोकांकडे बघून ओरडलो. काकांनी बॅटरी धुतली, तार ओढली, हीटर तपासला. चाळीस मिनिटांनी चौथ्या क्रमांकावर आले, टाकीवर बोटांनी ठोकलं, कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "महाजन, डिझेल नाही."

मी तेव्हा जे बोललो ते छापता येणार नाही. काका शांतपणे म्हणाले, "आता खात्री झाली." आम्ही खकनारला पोचलो तेव्हा अंगठी घालून झाली होती, पंगत उठली होती आणि बुऱ्हाणपूरहून मीच पाठवलेली मावा जिलबी मलाच मिळाली नाही.

त्या रागात मी बायपासवरून एक मिस्त्री आणला. तरुण, हुशार, कानात बाळी. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "शेठ, पंप गेला. नया डालना पडेगा."

काका मागे उभेच होते. "पंप गेला हे तुला कुणी सांगितलं? पंपानं?"

मग त्यांनी स्वेटरच्या खिशातून सलाईनची पारदर्शक नळी काढली. मी विचारलं, ही कुठून आणली? म्हणाले, घरात होती. डिझेलच्या वाटेत त्यांनी ती नळी जोडली, वरचा छोटा हातपंप दोन-चार वेळा दाबला आणि मिस्त्रीचं डोकं धरून खाली वाकवलं. नळीतून मोहरीएवढा एक बुडबुडा सावकाश चालला होता.

"हा बघ चोर," काका म्हणाले. एक क्लिप त्यांनी अर्धा फेरा घट्ट केली. सेल्फ मारला. चारच्या आकड्यावर गाडी चालू. मिस्त्री त्यांच्या पाया पडला, माझ्याकडे चहा प्यायला आणि जाताना मला म्हणाला, "शेठ, घर में इतने बड़े उस्ताद हैं और मुझे बुलाया?"

घर में! माझ्या गाडीमुळे ते माझ्या घरचे झाले होते. गल्लीत कुणी विचारलं, काका कुठं निघालात, तर म्हणायचे, "माझी गाडी बघायला." माझी गाडी. कागद माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर, डिझेल माझं, धूर माझ्या अंगणात. मी हमालांना ओरडत असलो तर बोनेटखालून आवाज यायचा, "महाजन, हळू बोला, मला इंजिन ऐकू येऊन नाही राहिलं." हमाल तोंड फिरवून हसायचे. ज्या माणसाचे हमाल हसतात, त्याला मंडीत भाव राहत नाही.

शेवटी दसऱ्याला मी नवीन गाडी घेतली. किल्ली फिरवायची भानगडच नाही, बटण दाबलं की चालू. मुद्दाम काकांना बोलावून दाखवली. ते गाडीभोवती एकदा फिरले.

"नाही चालू झाली तर?"

"होतेच, काका."

"ते ठीक. पण नाही झाली तर ती सांगणार कुठून?"

माझा पेढा न खाताच खिशात टाकून ते गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सहाला फाटक वाजलं. मी नव्या गाडीनं मंडीला निघालो होतो आणि काका जुनीचं बोनेट उघडत होते.

"ती आता कुठं जाणार नाही, काका."

"उभी गाडी मरते."

त्या दिवसापासून रोज हाच कार्यक्रम. सहाला यायचं, तपासणी करायची, सव्वासहाला गाडी चालू करायची, दहा मिनिटं जागेवर घरघरत ठेवायची, बंद करायची, घरी जायचं. गाडी एक वीत हलत नाही, पण डिझेल जळतंय. मंगलाचे पापड धुरानं काळे पडले, तरी आश्चर्य म्हणजे ती काही बोलली नाही. मी एकदा गाडी बंद करायला पुढे झालो, तर म्हणाली, "राहू द्या ना, तुमचं काय जातं?" माझं काय जातं! त्याच दिवशी मी ठरवलं. ही गाडी जोवर माझ्या अंगणात आहे, तोवर हा माणूस माझ्या अंगणात आहे. गाडी काढायची, आणि लांब काढायची.

डोईफोडियाचा एक शेतकरी भेटला. सुपडूभाऊ. जंगलाच्या कडेला शेत, रस्ता नावापुरता, त्याला अशीच दणकट गाडी हवी. भाव ठरला, माझ्या मनासारखा ठरला. त्याची एकच अट, रविवारी सकाळी येईन, थंड गाडी माझ्यासमोर चालू करून दाखवा.

आता पंचाईत बघा. ज्या माणसापासून सुटायचं, त्याच्याशिवाय ती गाडी चालू होणार नव्हती. मी दोन वर्षांत पहिल्यांदा काकांशी गोड आवाजात बोललो. ते बॅटरीची टोकं पुसत होते.

"काका, गाडी विकतोय."

त्यांनी मान वर केली नाही. "कुणाला?"

"डोईफोडियाला."

"लांब आहे."

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, गाडीला लांब नाही. चांगली आहे गाडी." त्यांचं फडकं त्याच एका टोकावर फिरत राहिलं. "केव्हा येणार तो?"

"रविवारी. थंड चालू करून दाखवायची आहे. एवढं एकदा तुम्ही..." मग माझा स्वभाव आडवा आला. "आणि काका, त्या दिवशी काही गडबड केलीत, एखादी नळी ढिली ठेवलीत, तर मी शेजार बघणार नाही."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. जाड भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते. "महाजन, मी तीस वर्षं मशीन चालू करायचं काम केलं. बंद पाडायचं काम मला येत नाही."

तरीही शनिवारी संध्याकाळी मी फाटकाला कुलूप घातलं आणि बोनेटच्या फटीत कागदाची चिठ्ठी अडकवून ठेवली. कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

रविवारी सुपडूभाऊ सहाच्या आधीच आला. बरोबर झेंडूचा हार आणि नारळ. माझी चिठ्ठी जागेवर होती. सुपडूभाऊनं बोनेटला हात लावला, मग ते उघडून इंजिनाला हात लावला, मग मागे जाऊन सायलेन्सरशी वाकला आणि चक्क वास घेतला.

"शेठ, पहाटे चालू करून ठेवली नाही ना?"

"वास आला का?"

"नाही आला. म्हणून तर विचारून घेतो."

माणूस माझ्याच जातकुळीचा होता. तेवढ्यात काका आले. तळहात, किल्ली, खिसा, बटण. तांब्या मंगलानं न मागताच आणून दिला. सुपडूभाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला. एकेक गोष्ट बघून झाल्यावर काका त्याला समजावून सांगत होते, अगदी प्रेमानं, जसं काही लेक सासरी चालली आहे. थंडीत हीटर दोनदा द्या. फिल्टरखाली पाणी साठतं, आठवड्यानं सोडा. धक्का मारून चालू करायची सवय लावू नका.

सुपडूभाऊ माझ्या कानाशी आला. "शेठ, हे गाडीसोबतच देता का?"

"घेऊन जा," मी म्हणालो. "फुकट."

आम्ही दोघं हसलो. काकांना ऐकू गेलं असावं, पण ते हातातलं घड्याळ बघत होते. सव्वासहा झाले तसे ते गाडीत बसले. हीटर दिला. थांबले. पुन्हा दिला. किल्ली फिरवली. "एक, दोन, तीन..." तीनवर गाडी चालू झाली, अशी की मलाच ती विकावीशी वाटेना.

काका उतरले. इंजिन चालूच ठेवून, कुणाशी न बोलता, जरा घाईनंच घरी निघून गेले.

सुपडूभाऊ खूश. इंजिन ऐकत सावकाश चहा घेतला, मग हार बांधायला लागला. बांधता बांधता म्हणाला, "शेठ, दुसरी चाबी?"

दुसरी किल्ली काकांनी मला कधी दिलीच नव्हती. मी ती आणायला निघालो. चार घरं सोडून काकांचं घर. दार उघडंच होतं.

काकूंना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्या बाहेर येत नाहीत, त्यांना बरं नसतं, एवढंच घरात बोलणं ऐकलं होतं. आता त्या ओट्याशी उभ्या होत्या. तोंड धुतलेलं, कुंकू लावलेलं, वेणी घातलेली. स्टीलच्या तीन पुडाच्या डब्यात पोळ्या ठेवत होत्या. मला पाहून हसल्या.

"या ना भाऊ. साहेब निघालेच आहेत बघा. गाडीचा आवाज आला तशी मी उठले. मिलची पाळी आहे, उशीर झालेला चालत नाही." आणि डबा काकांच्या हातात देऊन, "भेंडी दिली आहे. पाळी संपली की सरळ घरी या."

"हो," काका म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस डबा घेऊन घराबाहेर पडला. मी मागोमाग. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, जिथून घर दिसत नाही, तिथं ते बसले. डबा मांडीवर.

"दहा मिनिटं बसतो इथं," ते म्हणाले. "मग परत जातो. तोवर तिच्या मनात संध्याकाळ होऊन जाते. मग मी डब्यातलं खातो, ती ताटातलं. दुपारपर्यंत चांगली असते."

 मी विचारलं, "आणि गाडीचा आवाज नाही आला तर?"

"उठत नाही. खात नाही. तुम्ही दोन दिवस गाडी घेऊन शेगावला गेला होता ना?" त्यांनी डब्याची कडी उघडून परत लावली.

माझं डोकं व्यापाऱ्याचं. अडचण दिसली की तोडगा शोधतं. "फोनवर आवाज भरून ठेवायचा."

"पोरानं पुण्याहून येऊन भरून दिला. ती म्हणाली, टीव्ही बंद करा."

"मग दुसऱ्या कुठल्या गाडीचा?"

"दुसऱ्या गाड्या तर रोजच जातात गल्लीतून. दुसरी गाडी म्हणजे दुसऱ्या कुणाचा नवरा गेला."

त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली. पितळी कडी, तिला दोऱ्यानं बांधलेलं मिलच्या हजेरीचं जुनं टोकन. टोकन सोडवून परत खिशात टाकलं. "फिल्टरचं तेवढं त्याला पुन्हा सांगा. विसरेल तो." मग घड्याळ बघितलं, डबा उचलला आणि घराकडे चालू लागले. एक शब्द विनंतीचा नाही. मला राग आला. माणसानं काही मागावं, म्हणजे नाही तरी म्हणता येतं.

परत आलो तर हार बांधून झाला होता आणि सुपडूभाऊ नारळ फोडायला दगड शोधत होता.

"भाव वाढला," मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं, सवय म्हणून बोलतोय. "कितीनं?"

मी आकडा सांगितला. त्या आकड्यात नवीन गाडी आली असती.

"शेठ, काल तर जबान दिली होती."

"काल दिली होती."

तो चांगला माणूस होता. त्यानं दगड खाली ठेवला, थोडा विचार केला आणि आपल्या बाजूनं थोडं वाढवलं. मी आणखी वाढवलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा लाल झाला. "मजाक लावली का? एवढ्या सकाळी डोईफोडियाहून बोलावलं, वास घ्यायला लावला, आणि आता पलटता?"

"गाडी माझी आहे. द्यायची नाही."

"मग आधी सांगायचं!"

"आधी मला माहीत नव्हतं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

त्यानं हार ओरबाडून काढला, नारळ काखेत मारला आणि फाटकातून म्हणाला, "डोईफोडियापासून खकनारपर्यंत सांगतो, महाजनशेठचा शब्द कसा असतो ते." त्यानं ते वचन पाळलं. अजून मंडीत त्या बाजूचे शेतकरी माझ्याशी सौदा करताना दोन साक्षीदार उभे करतात. मी कुणाला कारण सांगितलेलं नाही. सांगून विश्वास कोण ठेवणार? मीही ठेवला नसता.

जेवायला बसलो तरी डोकं तापलेलंच होतं. मंगला भाकरी वाढत होती. मी विचारलं, "काकूंचं तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. दुपारी मीच जाते त्यांची वेणी घालायला."

"आणि मला नाही! म्हणजे खंडव्यावाला जास्त देत असणार, भुसावळवाला जास्त देत असणार, तरी यानं मला दिली ती गाडी गल्लीत राहावी म्हणून. आणि मी दोन वर्षं मंडीत सांगतोय की मी याला वाकवला! एकानं तरी सांगायचं!"

"काकाच म्हणाले होते, सौदा होईपर्यंत महाजनांना कळू देऊ नका. नंतर मग कुणी विषय काढलाच नाही."

"का? मी काय वाघ आहे? कळलं असतं तर काय केलं असतं मी?"

तिनं ताटात आमटी वाढली, वाटी सरळ केली.

"गाडी गल्लीतच द्यायची आहे हे कळलं असतं, तर तुम्ही भाव आणखी पाडला असता."

मी भाकरीचा तुकडा मोडला. खोटं कशाला बोलू. पाडला असता.